राखेत निवलेला आडाळो

“घाय करू नको गो. राखेत निवंदे तेका.”

मी ऐकलेला हा पहिला आवाज. भाई मेस्त्रींचा. भाता ओढणाऱ्या आपल्या बायकोला, सावित्रीला, ते सांगत होते. तो आवाज अजून माझ्या पाठीत आहे.

मी एक जुना आडाळो आहे, मित्रांनो. तुम्ही मला विळी म्हणत असाल. खाली लाकडाचा पाट, वर वाकडं पातं आणि शेंड्याला खोबरं किसायचे दात, असा माझा संसार. त्याआधी मी मोडीत निघालेल्या एका ट्रकचा कमानपाटा होतो. मसुऱ्याच्या लोहारसाळेत आलो आणि माणसात आलो.

पोलादाच्या पोटात काय चालतं, ते तुम्हांला दिसत नाही. मी लाल झालो, की माझ्यातला कोळशाचा अंश साखरेसारखा सगळीकडे विरघळतो. मग राखेत सावकाश निवू दिलं, की तो हळूहळू चालत आपापली जागा धरतो. एक थर मऊ लोखंडाचा, त्यावर एक पातळ थर कडक, पुन्हा मऊ, पुन्हा कडक. उन्हात वाळत घातलेल्या आंब्याच्या साठासारखे. शिंपल्याच्या आत थरावर थर चढून चकाकी येते ना, अगदी तसे. या थरांमुळे मी चिवट होतो, पण धार धरण्याइतका कडक नसतो. म्हणून भाईंनी माझी कडा पुन्हा लाल केली आणि पाण्यात बुडवली. चर्र! कोळशाच्या अंशाला चालायला वेळच मिळाला नाही. तो होता तिथेच अडकला आणि कडा ताठ झाली. थोडी ऊब देऊन भाईंनी तिचा ठिसूळपणा घालवला. पाठीत थर आणि धारेत ताठा घेऊन मी काशीबाईंच्या घरी गेलो.

तिथे मी म्हावरं कापलं. सुरमई, बांगडे, सरंगे. काशीबाई नारळ किसताना माझ्यासाठी गाणं म्हणायच्या:

आडाळ्या रे भावा, धारेक दीठ नको
माज्या घरच्या चुलीक उणा मीठ नको

भाजीचा आडाळो वेगळा होता. त्याला माशाचा वास लागू द्यायचा नाही, अशी घरची रीत. पण देवीच्या जत्रेच्या आदल्या संध्याकाळी नेमकं त्याचंच पातं मोडलं. सून अनुजा पाणी आणायला गेली होती. काशीबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, मला पाटातून उपसलं आणि चुलीत घातलं. विस्तवात सगळं शुद्ध होतं, असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. करवंट्या रचल्या, फुंकणीने फुंकलं. मी लाल झालो. मग मला राखेत सोडून त्या देवाला दिवा लावायला गेल्या.

मला तोंड असतं तर ओरडलो असतो. अडकलेला तो अंश धारेतून सुटला आणि चालू लागला. मऊ थर, कडक थर, मऊ थर. माझा ताठा राखेत विरघळत होता आणि मी नुसता पडून होतो.

सकाळी काशीबाईंनी मला चिंचेने लख्ख घासलं, भाजीच्या आडाळ्याच्या पाटात ठोकलं. नैवेद्याचा भोपळा चिरायला घेतला, आणि त्याच्या सालीवर माझी धार मेणासारखी वळली.

“आई, नवो आडाळो ना ह्यो? भाईंकडचो?” अनुजाने विचारलं.

“व्हय,” काशीबाई म्हणाल्या. नजर भोपळ्यावर.

मदतीला आलेली शर्मिला हसली. “भाईचो हातोडो आता लोखंडावर नाय गो, वाऱ्यावर पडता!”

बायका हसल्या. ते हसू घरोघरी गेलं. लोक मालवणच्या बाजारातून प्लास्टिकच्या मुठीची पाती आणू लागले. भाईंच्या साळेसमोरच्या वाटेवर गवत वाढलं.

शेवटी अनुजाच मला घेऊन निघाली. “मेस्त्रींका दाखवूया तरी,” म्हणाली. काशीबाई मागून आल्या, पाय ओढत. भाईंनी मला ऐरणीवर ठेवलं, कानस एकदा फिरवली. कानस लोण्यातून जावी तशी गेली.

“ह्येका कोणी विस्तवात घातलेलो काय?”

“नाय,” काशीबाई म्हणाल्या.

भाईंनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. “मगे माजोच हात चुकलो. साळ आजपासून बंद. सावित्री, भात्याची दोरी सोड. लोकांचा आणखी नासूक नको.”

सावित्री उठेना. “सोड म्हणतंय ना,” भाई म्हणाले. ती उठली.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या पात्याला घासा, पुसा, तेलाचं बोट लावा. पण त्याला विस्तवात ठेवू नका. आणि चुकून ठेवलंतच, तर सांगा. आम्ही सांगू शकत नाही. भाई, तुमचा हात चुकला नाही, एवढंच मला म्हणायचं होतं, आणि मी ऐरणीवर मुक्याने पडलो होतो.

सावित्रीने गाठीला हात घातला.

“थांब गो!” काशीबाईंनी तिचं मनगट धरलं. सुनेकडे त्यांनी पाहिलं नाही. “भाई, भातो सोडू नको. तुजो हात बरो आसा. ह्यो म्हावऱ्याचो आडाळो. मियाच तेका चुलीत लाल केलंय, आणि तेच्यानच देवीचो निवेद कापलंय.”