गळ्यापासूनची बाही

"आधी दुखरा हात घाल, मंग दुसरा," मीनाच्या सासूबाई, द्वारकाबाई, दारातूनच म्हणाल्या.

मीना तेच करत होती. भावानं, राधेश्यामनं, भाचीच्या जावळासाठी जाफराबादहून गुलाबी फ्रॉक आणला होता. बाही फुग्याची, खांद्याशी आवळलेली. लेकीचा, शिवन्याचा, उजवा हात कोपरापर्यंत गेला आणि अडकला. जन्मताना खांद्याशी ओढला गेला, तेव्हापासून तो वर जात नव्हता. पोरगी कळवळली. मीनानं फ्रॉक काढून घेतला.

बाहेर मांडवात न्हावी येऊन बसला होता. मामाच्या मांडीवर, मामानं आणलेल्या कपड्यात बसल्याशिवाय या घरात जावळ निघत नाही.

"दंड झाकला जाईल म्हणून म्याच फुग्याचा सांगितल्ता राधेश्यामला," सासूबाई म्हणाल्या. "सोयऱ्याधायऱ्यांच्या नजरा लई वाईट. हात झोपलाय लेकराचा. होईल जागा."

मीनानं फ्रॉक उलटा करून शिवण पाहिली. मंगळवारी जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात जेवढा यायचा तेवढा आला, आता व्यायाम तेवढा सोडू नका. घरी येऊन ती एवढंच म्हणाली होती, पुढच्या महिन्यात परत बोलावलंय. ते खोटंही नव्हतं. तेव्हापासून तिनं लाडू वळले, मांडवाला तोरण लावलं, पाहुण्यांशी हसली. आतून काहीच हललं नाही.

ती मशीनवर बसली आणि फुग्याची शिवण उसवू लागली.

"अगं, मामाचं कापड फाडून राह्यली का?"

"फाडत न्हाई, आत्या. बाही बदलून राह्यले."

तिनं खडूनं गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी रेघ मारली. कमी पडणारं कापड कमरेच्या पट्ट्यातून काढलं. द्वारकाबाई नातीला घेऊन शेजारी टेकल्या.

"ही कोणती तऱ्हा?"

"रॅग्लन म्हणतात."

"असलं कसलं नाव?"

"माणसाचं हाय. इंग्रजांचा सेनापती व्हता. लढाईत उजवा हात गेला त्याचा. मंग म्हणे शिंप्यानं खांद्याची शिवणच काढून टाकली, बाही गळ्यापासून कापली. तिला त्याचंच नाव पडलं."

कॉलेजात शिवणकामाच्या परीक्षेत हा प्रश्न आला होता. तिनं आकृतीसकट उत्तर लिहिलं होतं. त्या माणसाला कोट कोण घालत असेल, हे तेव्हा मनातही आलं नव्हतं.

"मंग? आला का त्याचा हात?"

"न्हाई."

"मंग काय उपेग?"

"कोट घालता येऊ लागला."

मशीन चालत राहिलं. दुसरी बाही सुईखाली आली तेव्हा द्वारकाबाईंनी विचारलं, "मंगळवारी डॉक्टर काय म्हणला?"

मीनानं शिवणीवरून नजर उचलली नाही. "हेच."

द्वारकाबाईंनी खाली पडलेले दोन फुगे उचलले, घडी केली, कमरेला खोचले. फ्रॉक तयार झाल्यावर तो त्यांनीच घेतला. आधी दुखरा हात घातला. तो सरळ आत गेला. पोरगी रडली नाही.

"चल. न्हावी खोळंबलाय."

मांडवात राधेश्याम भाचीला मांडीवर घेताना थबकला. "ताई, म्या तर फुग्याचा आणल्ता की."

"मोठ्या सायबाची बाही हाय ती," द्वारकाबाई म्हणाल्या. "नीट धर लेकराला."

जावळाची पहिली बट गुलाबी बाहीवर पडली. शिवन्यानं डाव्या हातानं ती पकडायला पाहिलं. उजवा हात सगळ्यांदेखत मामाच्या गुडघ्यावर होता, आजीनं ठेवला होता तिथंच. पाहुण्या बायका वाकून बघत होत्या. द्वारकाबाईंनी त्या हातावर पदर ओढला नाही.