कडुबाच्या नावाची रानसुपारी

माणसाच्या नावानं गल्ली असते, शाळा असते, फार झालं तर बसथांबा असतो. कडुबाच्या नावानं झाड होतं. तेही बांधावरची बाभळ-बिभळ नव्हे, तर दूर दक्षिणेच्या डोंगरात, धुक्यात भिजणाऱ्या जंगलातली रानसुपारी. शास्त्रज्ञांच्या यादीत तिच्या लॅटिन नावाचं शेपूट होतं ‘कडुबाए’. त्याच्या गावच्या, देवगाव रंगारीच्या मंडळींनी ते ‘कडुबाई’ असं वाचलं, पोट धरून हसली, आणि तरीही फेटा बांधून, शाल-नारळ देऊन त्याचा सत्कार केला. मेंढरं राखणाऱ्या घरात एवढा मान आजवर कुणाला मिळाला नव्हता. त्या फेट्याखाली कडुबाला कसा घाम फुटला होता, ते त्यानं बायकोला, सखूबाईलाही कधी सांगितलं नाही.

कारण तसली रानसुपारी जगात नव्हतीच.

कडुबा संभाजीनगरातल्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या नमुनेघरात नोकरीला. सुकवलेली झाडं जाड कागदावर शिवायची, चिठ्ठी डिंकानं चिकटवायची, कपाटात लावायची. या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी तिथले प्राध्यापक तात्यासाहेब सर त्याला घेऊन त्या डोंगरात गेले. ताडामाडाच्या कुळाचं सगळंच अवघड. एक झावळी पुरुषभर लांब, ती कागदावर मावते थोडीच? तिचे तुकडे करायचे, सहा-सात कागदांवर बसवायचे, फळं वेगळ्या पाकिटात घालायची आणि प्रत्येक तुकड्याला दोऱ्यानं नंबराची चिठ्ठी बांधायची. चिठ्ठी गेली की ओळख गेली.

ऐन मोक्याला सर तापानं फणफणले आणि मुक्कामावर पडून राहिले. कडुबा एकटाच भर पावसात रानात गेला. दोन झाडांचे नमुने आणले, एक उंच, एक बुटकं. दोन्ही जाती शास्त्राला आधीच ठाऊक असलेल्या. फळं फक्त उंच झाडाला होती. ओले कागद बदलताना फळांची चिठ्ठी सुटून पडली, आणि घाईगडबडीत त्यानं फळांना बुटक्या झाडाचा नंबर बांधला. बस, एवढंच झालं.

परत आल्यावर सरांनी पानं पाहिली, फळं पाहिली आणि टेबलावर थाप मारली. अशी पानं आणि अशी फळं एकत्र असलेली जात कुणीच नोंदवली नव्हती! त्याच दुपारी उंच झाडाचा तुकडा शिवताना कडुबाला त्यावर फळांच्या देठाची मोडकी बाजू दिसली आणि फळं कुठली ते उमगलं. तो सांगायला सरांच्या खोलीत गेलाही. सर पेढ्यांचा पुडा सोडत होते.

“ये रे ये. रानात तू गेलास, तर नावही तुझंच देणार.”

कडुबानं पेढा घेतला. तोंड पेढ्यानं भरलं आणि बंद झालं ते झालं.

सर वारले तेव्हा त्याला रडू आलं, आणि त्यासोबत सुटल्यासारखंही वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची त्याला आजही लाज वाटते. पण सुटका कसली? सुकेशनी आली. ताडामाडाच्या वर्गीकरणावर पीएचडी करणारी, पडेगावहून रोज स्कूटीवर येणारी, ‘कडुबामामा’ म्हणून डब्यातली चटणी आवर्जून देणारी पोरगी. तिला त्या रानसुपारीचा ताजा नमुना हवा होता, जुन्या सुकल्या पानांवर तिची तपासणी होईना. सरांनी लिहून ठेवलेल्या जागी ती गेली, तर साध्याच जाती सापडल्या.

“मामा, तुम्ही स्वतः तोडलं ना? नीट आठवा की जरा.”

आणि मामांनी आठवलं! चहाच्या मळ्याच्या वर एक ओढा, ओढ्याच्या पल्याड काळा कातळ, कातळामागं झाड. सगळं बसल्या जागी रचलेलं. एकदा खोटं बोललं की त्याला खतपाणी घालावंच लागतं. दुसऱ्या पावसाळ्यात त्यानं कातळ आणखी वर सरकवला. तिसऱ्या पावसाळ्यात ती रडकुंडीला येऊन फोनवर म्हणाली, परत निघते. तेव्हा हा म्हणाला, “अजून आठ दिस थांबा ताई, आता फळं धरत्याल.” तिथून पुढं रानात फोन लागत नव्हता. त्या आठ दिवसांत तिचे वडील गेले. ती पोहोचली तेव्हा सगळं उरकलं होतं.

आता ती चौथ्यांदा निघाली होती. उद्या सकाळची गाडी. पाठीवरची पिशवी नमुनेघराच्या दाराशी टेकवून तिनं नकाशा टेबलावर पसरला.

“मामा, शेवटचं. यंदा नाही सापडलं तर लिहून टाकते, जात नामशेष झाली.”

कडुबानं नकाशा बाजूला सारला. मग उठला, कपाटातून दोन गठ्ठे काढले आणि तिच्यापुढं ठेवले. पाकिटातला फळांचा देठ चिमटीत धरून त्यानं उंच झाडाच्या कागदाजवळ नेला. मोड मोडीवर बरोब्बर बसली.

“ह्या झाडाची फळं हायेत ही. म्याच चिठ्ठी चुकीची बांधली. तुम्ही नका जाऊ ताई. झाडच नाय तसलं.”

सुकेशनीनं भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग खुर्चीत मागं टेकली आणि, नवल म्हणजे, हसली. तीन वर्षांचा दगड छातीवरून उतरल्यागत हसली.

“म्हणून सापडत नव्हतं! मामा, अहो हाच माझा निष्कर्ष. दोन जातींची सरमिसळ. आता प्रबंध पुरा होतो बघा.”

“मग महं नाव खोडून टाका.”

“खोडता येत नाही. एकदा छापलेलं नाव यादीतून जात नसतं. चूक ठरलं तरी खऱ्या नावाखाली लिहून ठेवतात, कायमचं.” त्याचा पडलेला चेहरा पाहून तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. “मनाला लावून घेऊ नका. पावसात कुणाचीही चूक होईल. आत्ता ध्यानात आलं, आत्ता सांगितलंत. झालं की.”

झालं की! एवढ्या स्वस्तात माफी मिळत होती. नुसती मान डोलवायची होती. कडुबाच्या हातावर तिचा हात तसाच होता आणि तो त्याला सहन होईना.

“आत्ता नाय आलं ध्यानात,” तो म्हणाला. “पहिल्या दिसापासून ठावं व्हतं.”

“म्हणजे?”

“त्यो ओढा, त्यो कातळ, समदं म्या रचलेलं. आठ दिस थांबा म्हणलो तव्हाबी ठावं व्हतं, तिथं काय नाय म्हणून. तुमचे वडील...”

तिनं हात काढून घेतला. नकाशाची घडी घातली, ती चुकली, पुन्हा उलगडली. मग टेबलावरची कोरी चिठ्ठी ओढून तिनं त्या झाडाचं खरं नाव लिहिलं, तारीख घातली, सही केली. जुन्या चिठ्ठीशेजारी नवी लावायची, जुनी काढायची नाही, अशी नमुनेघराची रीत. ती चिठ्ठी तिनं त्याच्यापुढं सरकवली.

“चिकटवा. तुमचंच काम आहे ते.”

त्यानं डिंकाची बाटली घेतली. ती दाराशी गेली, पिशवी उचलली आणि त्याच्याकडं न पाहताच म्हणाली, “बाबा शेवटपर्यंत विचारत होते, सुकेशनी कुठंय. घरात कुणालाच सांगता आलं नाही. तुम्हाला एकट्याला माहीत होतं.”

स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला. कडुबा चिठ्ठीला डिंक लावून तसाच बसून राहिला, आणि डिंक वाळून गेला.