वाचणारीचा खोकला

एवेलिओने तंबाखूचं पान कापायचं पातं जमिनीवर फेकलं. खण्णकन आवाज झाला आणि खुर्चीवर बसून कामगारांना कादंबरी वाचून दाखवणारी ओंदिना काय ते समजली. क्युबातल्या पिनार देल रिओच्या त्या सिगार कारखान्यात वाचन आवडलं की सिगार वळणारे कामगार पात्याने फळीवर टकटक करत. नाही आवडलं की पातं खाली. इतक्या वर्षांत तिच्या वाचनाला कुणी पातं टाकलं नव्हतं.

“खून कुणी केला तेच नेमकं तुझ्या खोकल्यात गेलं!” एवेलिओ ओरडला. “महिनाभर ऐकतोय ही कादंबरी आम्ही!”

“पुन्हा वाचते की.”

“आणि पुन्हा खोकशील! ते काही नाही. शुक्रवारी हात वर करू आणि नवी वाचणारी निवडू.”

दालनात हशा पिकला. हसता हसता दोघं-तिघं खोकले, एवेलिओही खोकला. पण तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्याला खोकल्याबद्दल कोण विचारतो?

ओंदिनाच्या अंगाचा तिळपापड झाला. ही खुर्ची कामगारांनीच मतं देऊन दिलेली, काढून घ्यायचा हक्कही त्यांचाच. ते एक वेळ ठीक. पण कॉफीच्या वेळी शेजारणीने आपला पेला हळूच पलीकडे सरकवला, ते तिच्या जिव्हारी लागलं. क्षय म्हणे! छातीचा एक्स-रे स्वच्छ आला होता. मध झाला, कांद्याचा रस झाला, काही म्हणून उरलं नव्हतं.

संध्याकाळी ती तरातरा गल्लीतल्या दवाखान्यात गेली. डॉक्टर इराइदा तिच्या डोळ्यांदेखत लहानाची मोठी झालेली.

“कोरडा खोकला? कधीपासून, मावशी?”

“तू रक्तदाबाची गोळी दिलीस ना, त्याच्या पुढेमागे.”

इराइदाने पेन खाली ठेवलं.

“मग बहुतेक ती गोळीच. असं बघा, शरीरात एक पदार्थ तयार होतो, तो रक्ताच्या नळ्या आवळतो. ही गोळी तो पदार्थ बनवणाऱ्या कारागिराचे हात बांधते. नळ्या सैल पडतात, दाब उतरतो. पण तोच कारागीर आणखी एक काम करत असतो, दुसऱ्या एका पदार्थाची विल्हेवाट लावायचं. हात बांधले की तो साचतो आणि काहींच्या घशाला खवखव सुटते.”

“म्हणजे मी कांद्याचा रस ढोसत बसले, आणि तुला हे ठाऊक होतं?”

“खोकल्याचं तुम्ही मला कधी बोललाच नाहीत!”

“तू कधी विचारलंस?”

इराइदाने चिठ्ठ्यांचं पुस्तक पुढे ओढलं.

“दुसरी गोळी आहे,” ती म्हणाली. “ती पदार्थ बनू देते, पण त्याला नळी पकडू देत नाही. तिने सहसा खोकला येत नाही. दुकानात ती कधी असते, कधी नसते, मी मिळवते. तोवर ही मात्र बंद करायची नाही. रागाच्या भरात तर मुळीच नाही.”

“आणि तोवर माझी खुर्ची गेली म्हणजे?”

इराइदाने नव्या गोळीची चिठ्ठी लिहायला घेतली.

शुक्रवारी ओंदिना खुर्चीवर बसली, पण पुस्तक उघडलं नाही. त्या खुर्चीवरून ती आजवर स्वतःचं असं काही बोलली नव्हती. आज बोलली. नळ्या, कारागीर, बांधलेले हात, सगळं सांगितलं. मधेच दोनदा खोकली आणि खोकल्यावरच चिडून आवाज आणखी चढवला.

“क्षय नाही मला! दाब उतरावा म्हणून गोळी घेते, तिचा खोकला आहे हा. पेले सरकवता, लाज नाही वाटत? करा आता हात वर!”

पाती थांबली. हात कुणाचाच वर झाला नाही. कोपऱ्यात कुणीतरी खोकलं आणि पटकन तोंडावर हात धरला. मग खिडकीपाशी आणखी एक जण.

मग एवेलिओचा हात हलला. तो सदऱ्याच्या खिशात गेला आणि गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी घेऊन बाहेर आला. ती त्याने डोळ्यांजवळ धरून नीट निरखली, तेवढ्यात त्यालाही उबळ आली. ती ओसरेपर्यंत कुणी हसलं नाही.

“ओंदिना,” तो डोळे पुसत म्हणाला, “ते कारागिराचे हात बांधतात, तिथपासून परत सांग. तेच नेमकं माझ्या खोकल्यात गेलं.”