काळ्या दोऱ्याची बाटली

मी तपकिरी काचेची, बुचाची बाटली. या घडीला साखरा गावी शकुबाईंच्या कुडावर उलटी टांगलेली आहे. अंगाला राख असली तरी तोंड मोकळं आहे, तेव्हा बोलून घेते.

जन्म भट्टीतला, समज आली ती हिंगोलीच्या दवाखान्यात. बाळ पोटात नीट वाढत असलं की आईच्या रक्तात इस्ट्रोजेन नावाचा रस महिन्यागणिक वाढतो. निरोगी बायकांत तो कितव्या महिन्यात किती असतो, याचा तक्ता डॉक्टर नीलाबाई बनवत होत्या. एकेका बाईला एकेक बाटली ठरलेली. मी मनकर्णाची.

मनकर्णा ही शकुबाईंची सून. पहिलं लेकरू पाचव्या महिन्यातच गेलेलं. या वेळी माघात, चौथ्या महिन्यात, तिनं सुईपुढं हात धरला, तेव्हा डोळे मिटले नाहीत. माझ्याकडं बघत राहिली. सातव्यात पुन्हा आली, तेव्हा सोबत सासू.

"आधीच पोरीच्या अंगात रक्त न्हाई, अन् तुमी ते बाटलीत भरून राहिल्या?"

"मागच्यापेक्षा रस वाढला असेल, तर बाळ चांगलं वाढतंय असं समजायचं," नीलाबाई म्हणाल्या.

मनकर्णा हळूच बोलली, "आत्याबाई, मला कळू द्या."

तेव्हा शकुबाईंनी चंचीतून काळा दोरा काढून माझ्या गळ्यात बांधला. "सुनेचं रक्त परगावी चाललं. कोणाची नजर लागंल. हा सोडू नका, सांगून ठेवते."

नीलाबाई हसल्या; पण सोबतच्या चिठ्ठीत तेही लिहिलं.

वैशाखाचं ऊन म्हणून आम्हा दहा बाटल्यांना ओल्या गोणपाटात गुंडाळून हैदराबादच्या गाडीत घातलं. खळीनं चिकटवलेली नावं वाटेतच सुटली. प्रयोगशाळेत माणिकरावांनी पेटी उघडली, तर तळाला कागदांचा लगदा आणि आम्ही दहा बहिणी एकसारख्या.

"आता कोणाचं कोणतं? फेका सगळं!"

मग चिठ्ठी वाचली. 'काळा दोरा मनकर्णाचा. सोडू नये, सासूबाईंची आज्ञा आहे.' नऊ जणी मोरीत रित्या झाल्या, मी तेवढी वाचले. माझ्यातला रस काढून पांढऱ्या उंदरांच्या माद्यांना टोचला. किती थेंबांत त्यांच्या अंगी बदल होतो, त्यावरून हिशेब लावला आणि उत्तरासोबत मला परत धाडलं.

"चौथ्या महिन्यापेक्षा कितीतरी पट वाढलाय!" नीलाबाईंनी सांगितलं.

"कोण म्हणतं?" शकुबाईंनी विचारलं.

"उंदीर म्हणतात."

"अगं बया! आमच्या घरचे माझी सारी जवारी खाऊन राहिले, अन् एक अक्षर बोलनात!"

मनकर्णा हसली. तोंडाला पदर न लावता हसली.

श्रावणात मनकर्णाला मुलगी झाली, शालू. "दोरा माझा, म्हंजे बाटली माझी," म्हणत शकुबाईंनी मला मागून आणलं. तेव्हापासून चार वर्षं मी शालूच्या मालिशचं करडीचं तेल सांभाळलं.

आज सकाळी मनकर्णानं शालूच्या हातातली चिंच काढून घेतली आणि मिटक्या मारत खाल्ली. शकुबाईंनी पाहिलं. माझ्यातलं तेल वाटीत ओतलं आणि मला राखेनं तीनदा घासलं.

"उद्या हिंगोलीला जायचं. गाडी जुंपायला सांग."

"आत्याबाई, आता कुठं दुसरा महिना हाय!"

"मंग? या टायमाला उंदरांच्या आधी मला कळलं!"

नीलाबाई, तुम्हाला एकच विनंती. तेलाचा वास आला तर रागावू नका, चार वर्षांचा आहे, एका दिवसात जायचा नाही. दोरा मात्र कोरा आहे. जुना ज्या हातांनी बांधला होता, त्यांनीच आज सोडला आणि नवा बांधला.