मावशीचं कपाट

घर विकत घेताना काय काय विचारावं, हे वकीलबाईंना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी घडाघडा सांगितलं असतं. मालक कोण, घरावर कर्ज आहे का, वारस किती, त्या सगळ्यांनी सह्या केल्यात का. पण त्यांचं नाव झालं होतं ते कपाटांमुळे. कागद कितीही चोख असले तरी बाई स्वतः घर पाहायला जात आणि प्रत्येक खोलीतलं कपाट उघडायला लावत. ज्याचे कपडे कपाटात, तो माणूस घरात. आणि जो घरात, त्याची लेखी संमती घेतल्याशिवाय बाई व्यवहाराला हात लावत नसत. या पद्धतीने त्यांनी मालकाने लपवलेले भाऊ शोधले होते, नांदत्या बायका शोधल्या होत्या, एकदा तर चक्क एक सासरे शोधले होते. कोर्टात त्यांना मागून ‘कपाटबाई’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

तर अशा या बाईंनी स्वतःचं माहेरचं घर विकायला काढलं.

आई गेल्यावर घर बाईंच्या नावावर झालं होतं. एकुलती एक लेक, दुसरा वारस नाही, कागद आरशासारखे स्वच्छ. अडचण एकच होती आणि ती स्वयंपाकघरात बसून मटार सोलत होती. मावशी, आईची धाकटी बहीण. आईची नोकरी, पोर लहान, म्हणून ‘थोडे दिवस’ राहायला आली होती ती राहिलीच. बाईंच्या वेण्या तिने घातल्या, त्यांचा गोवर तिने काढला, परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठून चहा तिने केला. बाई लग्न होऊन गेल्या, वकिली सुरू झाली, तरी दुपारचा डबा मावशीच्याच हातचा यायचा. शेवटी आईचं लांबलेलं दुखणंही तिनेच काढलं. एवढं करून त्या घराच्या एकाही कागदावर तिचं नाव नव्हतं, वीजबिलावरसुद्धा नाही.

तिची संमती घ्यायची तर तिला सांगायला हवं होतं. आणि सांगायचं काय, तर बाईंना नव्या इमारतीत स्वतःचं ऑफिस घ्यायचंय, म्हणून हे घर जाणार आणि तू शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात राहायचंस. जागा चांगली होती. बाग होती, डॉक्टर येत, चादरी पांढऱ्याशुभ्र होत्या. बाईंनी पाहून ठेवली होती, माहेरच्याच फोनवरून नावही नोंदवून ठेवलं होतं. फक्त सांगायला जीभ रेटत नव्हती. व्यवहार एकदा होऊन जाऊ दे, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं आणि गिऱ्हाइकाच्या वकिलाला फोनवर सांगून टाकलं, “घर रिकामं आहे. कुणी राहत नाही.” मावशी तेव्हा दोन हातांवर बसली होती. तिला हल्ली कमी ऐकू येतं, असा बाईंनी आपला सोयीचा समज करून घेतला होता.

गिऱ्हाईक म्हणजे एक दातांचे डॉक्टर. त्यांची वकील मात्र बाईंचीच जुनी ज्युनियर निघाली. ऑफिसात सगळे तिला ‘शंका’ म्हणत, कारण साध्या भाडेकरारातही तिला दहा शंका यायच्या. बाईंनीच तिला घडवलं होतं. आता घर पाहायला तीच येणार होती. ती कपाटं उघडणार, यात शंकाच नव्हती.

बाईंनी त्यावर तोडगा काढला. पाहणीच्या दिवशी मावशीला डोळे तपासायला पाठवायचं, आणि तिच्या कपाटाला कुलूप लावून ‘किल्ली सापडत नाही’ म्हणायचं. कुठल्या अशिलाने हे सांगितलं असतं तर बाईंनी त्याला उभा आडवा घेतला असता.

पण त्या दिवशी बाईंना कोर्टात उशीर झाला. त्या धापा टाकत जिना चढून आल्या तेव्हा शंका आणि डॉक्टर दारात उभेच होते. कुलूप बाईंच्या पर्समध्येच राहिलं होतं.

बाहेरची खोली झाली, स्वयंपाकघर झालं. डॉक्टर प्रत्येक फरशीवर टकटक करून बघत होते, जणू एखादी किडलेली निघेल. मग सगळे आतल्या खोलीत गेले. “मॅडम, तुम्हीच शिकवलंय, राग मानू नका,” शंका हसत म्हणाली आणि तिने मावशीचं कपाट उघडलं.

कपाट रिकामं होतं. साडी नाही, शाल नाही, औषधाची बाटली नाही. खालच्या कप्प्यात नवा कागद घातलेला आणि डांबरगोळ्यांचा तेवढा वास.

बाईंचा जीव भांड्यात पडला. सुटले, असं त्या मनात म्हणाल्यासुद्धा. पुढे आयुष्यभर त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या एका शब्दाची. कपाट कुणी आवरलं, का आवरलं, हे मनात यायच्या आधी त्यांच्या मनात आलं होतं ते एवढंच.

तेवढ्यात गॅलरीच्या दारातून मावशी आत आली. डोळे तपासायला ती गेलीच नव्हती. हातात पाण्याची झारी होती.

“आपण इथे राहता का?” शंकाने सवयीने विचारलं.

“मी? छे गं. मी शेजारची. घर बंद असतं ना, झाडांना पाणी घालायला येते.” मग मावशी बाईंकडे वळली. “अहो वकीलबाई, तुमची तुळस जरा कोमेजलीय. बघा हो.”

जिने जन्मभर ‘बबडे’ म्हणून हाक मारली, तिने अहोजाहो केलं. बाईंची कानशिलं तापली. ‘ही माझी मावशी’ एवढे तीन शब्द बोलायचे होते. भर कोर्टात समोरच्याची बोलती बंद करणाऱ्या बाई मूग गिळून उभ्या राहिल्या.

“बरं झालं तुम्ही भेटलात,” शंका म्हणाली. “शेजाऱ्यांची एक सही लागते. घर रिकामं आहे, कुणाचा वावर नाही, एवढंच लिहिलंय. मालकापेक्षा शेजाऱ्याला जास्त माहीत असतं, असं आमच्या मॅडम म्हणतात.” तिने फाईल उघडून कागद पुढे केला.

मावशीने झारी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि चष्मा लावला. कागद वाचला, सावकाश, एकेका शब्दावर बोट ठेवून. बाईंना वाटलं, आता ती मान वर करील. तिने मान वर केली नाही. नाव लिहिलं, सही केली. खाली पत्ता लिहायचा होता. मावशीचं अक्षर वळणदार. लिहायला लागली की ती त्यात रमायची. तिने घराचा क्रमांक लिहिला, मजला लिहिला, इमारतीचं नाव लिहायला घेतलं आणि हात थबकला.

शंका खांद्यावरून वाचत होती. क्रमांक याच घराचा होता.

“चुकलं बाई,” मावशी घाईघाईने म्हणाली. “वय झालं आता. खोडून शेजारचा लिहिते.” ती क्रमांकावर काट मारणार, एवढ्यात बाईंनी तिचं मनगट धरलं.

“खोडू नकोस, मावशी. बरोबर लिहिलंयस.”

मग शंकाने बाईंकडे पाहिलं. “मॅडम, डबेवाल्या मावशी त्या ह्याच का?”

बाईंनी मान हलवली. शंकाने त्या डब्यातलं कितीतरी वर्षं खाल्लं होतं; मावशी तिच्यासाठी म्हणून दोन घास जास्तच घालायची. शंकाने कागद हळूच काढून घेतला आणि पर्समध्ये ठेवला. ती चिडली असती तर बाईंना सोसलं असतं. ती मावशीपुढे वाकून, कुठल्याही घरात विचारते तेच विचारत होती.

“घर विकतायत, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?”

“सांगायला कशाला हवं? फोनवर बोलली ना ती. कान शाबूत आहेत माझे.”

“मग कपाट?”

“मीच आवरलं काल. तिची फजिती नको व्हायला, सगळ्या गावाची कपाटं उघडत हिंडते पोर.” मावशी हे इतक्या साधेपणाने म्हणाली, की डॉक्टरही खिडकीबाहेर बघायला लागले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं.

“आपण मग कधीतरी बोलू,” डॉक्टर म्हणाले. ते मग कधीतरी म्हणजे कधीच नाही, हे सगळ्यांना कळलं. शंका जाताना मावशीच्या पाया पडली. बाईंना फक्त “येते” म्हणाली.

कपडे मावशीने शेजारणीकडे ठेवलेले होते. बाई आणायला गेल्या तेव्हा शेजारणीने काही विचारलं नाही. नुसतं दार उघडून दोन पिशव्या बाहेर सरकवल्या. दोनच पिशव्या होत्या आणि त्याही जड नव्हत्या.

मावशी खाटेवर बसून होती. बाईंनी पिशव्या कपाटासमोर ठेवल्या. माफी कशी मागावी याची त्या मनात जुळवाजुळव करत होत्या. एकही वाक्य धड उभं राहत नव्हतं.

“मी चुकले मावशी,” शेवटी त्या म्हणाल्या.

“हं.” मावशीने चष्मा काढून पुसला. “लाव ते कपडे. कपाटांच्या बाबतीत तुझा हात धरणारं कुणी नाही म्हणतात.”

बाईंनी पहिली पिशवी उघडली. वरच आईची जुनी शाल होती, मग मावशीच्या सुती साड्या, मग कापडात गुंडाळलेली एक लाल रिबिनींची जोडी, शाळेतली. साड्या टांगायच्या की घडी घालून ठेवायच्या? शाल वर की खाली? अख्ख्या गावाची कपाटं त्यांनी उघडली होती, हे एक कधीच उघडलं नव्हतं. तो सगळा गठ्ठा छातीशी धरून त्या मावशीकडे वळल्या.

“मावशी, हे कुठे ठेवू गं?”

“मला काय विचारतेस?” मावशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “कुठे ठेवायचं ते तू ठरवलं होतंस ना?”

बाईंनी गठ्ठ्यातली शाल काढून वरच्या कप्प्यात ठेवली. कपाट उघडंच होतं.