त्रेचाळीस मुलांची आई

फोन आला तेव्हा मिलुस्का बटाटे सोलत होती. वस्तीतल्या बायका मिळून पोरांसाठी रांधत, त्या टेकडीवरच्या सामायिक चुलीवर त्या दिवशी तिची पाळी होती. सगळ्यांत वडीलधारी दोन्या ऑर्तेन्सिया मसूर निवडत होती, नोएमी पातेल्याखाली लाकडं सारत होती, आणि लिमाचं राखाडी धुकं पायऱ्या चढून वर येऊन सगळ्यांच्या केसांत बसलं होतं.

"मिलुस्का किस्पे?" पुरुषाचा आवाज. बँकेतून बोलावं तसा गोड. "त्रेचाळीस पोरांची आई म्हणे तुम्ही! नवरा दुसरं काही काम करतो की नाही?"

कुणीतरी चावट असेल म्हणून ती फोन ठेवणार, तोच तो वाचू लागला.

"आल्दायर मामानी. सात वर्षं. दुपारची शाळा. पुढचा दात पडलाय, फोटोत छान हसतोय."

आल्दायर नोएमीचा. मग दुसरं नाव, तिसरं. पत्ता, शाळा, रक्तगट. क्रम तिच्या ओळखीचा होता, कारण याच क्रमानं तिनं ती नावं भरली होती. तिच्या हातातला बटाटा तसाच राहिला. प्रत्येक नावानंतर ती पुढच्या नावाची वाट बघत होती, त्या एकाच नावाची. यादी संपली. तिच्या लेकीचं, ब्रियानाचं, नाव आलं नाही.

मिलुस्काचा जीव भांड्यात पडला. पाठोपाठ तिला स्वतःचीच किळस आली.

"चूल चालू ठेवायची असेल तर शनिवारपासून आमचा वाटा काढा," आवाज म्हणाला. "कुठे पोचवायचा ते कळवू. पोलिसांकडे जायची घाई करू नका. कोणतं पोर कोणत्या जिन्यानं उतरतं ते तुम्हीच तर लिहून दिलंय."

"कोण गं?" नोएमीनं विचारलं.

"चुकीचा नंबर," मिलुस्का म्हणाली.

मार्चमध्ये वरून हुकूम आला होता की यापुढे दुधाचे डबे अ‍ॅपवर नोंदवलेल्या मुलांनाच मिळतील. चेहऱ्याचा फोटो, घराची खूण, येण्याजाण्याचा जिना, शाळेची वेळ, रक्तगट. इथल्या बायकांचे नंबर दर दोन महिन्यांनी बदलत, आणि रेंज फक्त चुलीशेजारच्या पाण्याच्या टाकीपाशी. दोन्या ऑर्तेन्सियानं एका वाक्यात निकाल लावला होता. "सगळ्यांना तुझाच नंबर घाल, पोरी. तू विद्यापीठात शिकलेली."

शिकलेली होती म्हणूनच तिनं नोंदणीच्या आदल्या दिवशी घरी बसून अकराच्या अकरा पानं अटी वाचल्या होत्या. नवव्या पानावर लिहिलं होतं की माहिती 'सहयोगी संस्थां'ना देता येईल. कोणत्या, ते लिहिलं नव्हतं. ब्रियानाचा फोटो तिनं काढलाच नाही. तिचं दूध ती दुकानातून आणायची, स्वतःचे बूट तिसऱ्यांदा शिवून घ्यायची. दुसऱ्या दिवशी टाकीपाशी रांग लागली आणि तिनं त्रेचाळीस वेळा 'मी अटी वाचल्या आहेत, मला मान्य आहेत' यावर बोट टेकवलं. नोएमीनं मध्येच विचारलं होतं, "काही गडबड नाही ना गं यात?"

"सरकारी आहे," ती म्हणाली होती. ते खोटं नव्हतं. सांगितलं असतं तर पोरं दुधावाचून राहिली असती. शिवाय सगळ्या मोठ्या बायका आहेत, ज्याची त्याची जबाबदारी. असं तिनं स्वतःला समजावलं होतं, आणि ते तिला पटलंही होतं.

फोन आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती टेकडीखालच्या सरकारी कचेरीत गेली. खिडकीमागचा तरुण अतिशय नम्र होता. त्यानं संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

"बघा सेन्योरा. बारा मार्च, सकाळी अकरा सतरा. संमती तुमचीच. अटी वाचल्या होत्या ना?"

"हो."

"खरंच?" तो जरा चकित झाला. "तसं कुणीच वाचत नाही."

"यादी बाहेर गेली आहे. तो माणूस फोटोतला पडलेला दात सांगतो."

"कुठून गेली ते चौकशीत कळेल. आमच्याकडून जात नाही. नावं काढायची असतील तर प्रत्येक पालकानं स्वतः यायचं, मुलाला घेऊन. ताजा फोटो काढावा लागेल."

"पुन्हा फोटो?"

"ओळख पटवल्याशिवाय कसं काढणार?" त्यानं तिच्यावरून नजर हटवली आणि मागच्याला हाक मारली.

त्या दुपारी जेवणं वाढून झाल्यावर तिनं सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं. फोन, शनिवार, कचेरी, सगळं. दोन बायका रडू लागल्या. एक उठून थेट शाळेकडे धावली. दोन्या ऑर्तेन्सिया मात्र पंचवीस वर्षं टेकडीवर पाण्यासाठी, विजेसाठी, जिन्यासाठी भांडलेली बाई. ती पातेलं घासत राहिली.

"वाटा बिटा काही नाही द्यायचा," ती म्हणाली. "एकदा दिला की दर आठवड्याला दारात. उद्यापासून पोरं एकटी उतरणार नाहीत. सगळी एका रांगेत, पुढे दोघी, मागे दोघी, गळ्यात शिट्ट्या."

"मी रोज येईन पाळीला," मिलुस्का पटकन म्हणाली.

नोएमी तिच्याकडे बघत होती. "त्यानं सगळी नावं वाचली?"

"सगळी."

"ब्रियानाचं काय वाचलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण कचेरीत जाऊन पोरांची नावं काढायची तर यादी सगळ्यांच्या हातात जाणार होती.

"तिचं नाव नाही त्यात. मी नोंदवलंच नव्हतं."

दोन्या ऑर्तेन्सियाचा हात पातेल्यात थांबला.

"म्हणजे तुला ठाऊक होतं," नोएमी म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"असं होईल हे ठाऊक नव्हतं. भीती वाटली होती, एवढंच."

"तुझ्या लेकीसाठी वाटली. माझ्या आल्दायरला म्हणालीस, हस बाळा, दात दिसू देत."

"दूध थांबलं असतं, नोएमी. तू नाही म्हणाली असतीस?"

"काय म्हणाले असते कोण जाणे! विचारलं कुणी? तू शिकलेली, तूच वाचलंस, तूच ठरवलंस. आणि आमच्या नावावर!"

मिलुस्कानं दोन्या ऑर्तेन्सियाकडे पाहिलं. म्हातारी नेहमी शेवटचा शब्द बोलायची.

"पाळीला तू नको," म्हातारी म्हणाली. "तुझी पोर तू ने. तिला कसली भीती? तिला कुणी ओळखत नाही."

दुसऱ्या दिवशी पोरांची रांग टेकडीच्या पिवळ्या जिन्यानं शाळेकडे उतरू लागली. पुढे नोएमी, शिट्टी दातांत धरलेली. मिलुस्का ब्रियानाचा हात धरून तीसेक पायऱ्या मागे राहिली. तिथूनही तिला पाठमोरी सगळी पोरं नावानिशी ओळखता येत होती. कोणाचा जन्म कुठल्या तारखेचा, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, सगळं तिच्या बोटांना पाठ होतं.

"आई, आपण एवढ्या मागे का?"

"चाल नीट. पायऱ्या ओल्या आहेत."

"आल्दायर!" ब्रियानानं हाक मारली.

पोरगा वळून हसला. त्याचा नवा दात अर्धा वर आला होता. नोएमीनं मागे न बघता त्याचा दंड धरला आणि त्याला पुढे ओढलं.