खिडकीतली सावली

"बाई, पाया पडतो, पण तेवढी पवनचक्की थांबवा," निवृत्त ऊर्जासचिव म्हणाले. "दिवसभर नको. सकाळचं ऊन पात्यांमागे असतं तेवढा वेळ. सावली थेट आमच्या हिच्या खोलीत फिरते. अंथरुणाला खिळलेलं माणूस, जाणार कुठे?"

"बघू की," बाई म्हणाल्या. 'नाही' हा शब्द त्यांनी खडीसाखरेसारखा जिभेखाली धरून ठेवला होता.

कोळशाच्या वीजकेंद्राच्या सुनावणीत याच माणसाने त्यांचा माइक बंद करवला होता. राखेने वडिलांची छाती कशी भरत गेली, कोळशाऐवजी वाऱ्यावर वीज का करावी, ते त्या सांगत होत्या. "वारेवाल्या बाई, रडणं घरी," म्हणून हा हसला, नि भरलं सभागृह हसलं. पुढे बाईंनी वाऱ्याच्या विजेसाठी मोर्चे काढले, धोरणांचे मसुदे लिहिले, मंत्र्यांचे उंबरे झिजवले. केस पिकले, गुडघे गेले, ते हसणं मात्र कानातून गेलं नाही. आता पवनचक्क्यांच्या तक्रारींवर शेवटचा शब्द त्यांचा होता.

"आधी खोली बघते. एकटीच जाते."

आत सावली येत होती, जात होती. भिंतीवरून चादरीवर, चादरीवरून म्हातारीच्या सुरकुतल्या हातांवर.

"तुम्हीच ना चक्कीवाल्या?" म्हातारी कुजबुजली. "यांचं ऐकू नका हं. बंद नका करू."

"त्रास नाही होत?"

"त्रास कसला? घरात कुणी वावरतंय असं वाटतं. हे बाहेर पेपर घेऊन बसतात. दारातूनच विचारतात, काही हवंय का. आत कुठे येतात?"

बाई बाहेर आल्या. नुसतं 'नाही' म्हणून निघता आलं असतं. म्हातारीचं बोलणं पोटात ठेवता आलं असतं. त्यांनी ते ठेवलं नाही. एकेक शब्द सुटा करून, जसाच्या तसा, हळू आवाजात सांगितला.

"पण मी घरातच असतो," सचिव म्हणाले. "दिवसभर इथेच असतो मी."

"हो ना," बाई म्हणाल्या.

त्यांचा चेहरा उतरत गेला, तो बाईंनी डोळे भरून पाहिला. मग सचिव उठले, खुर्ची उचलून खोलीत नेली आणि पलंगाशी, खिडकीला पाठ करून बसले.

"अहो, जरा सरका ना," आतून आवाज आला. "सावली अडतेय."

सचिव उठले आणि खुर्ची भिंतीकडे सरकवू लागले.